काठीवर येणारे मासे

आमच्या जीपच्या मागच्या सीटखाली जप्त केलेली जाळी कोंबलेली असतात. ऑफिसात ठेवायला जागा नाही, म्हणून ती गाडीतच फिरतात. एखादं ओढून काढायला जावं तर दुसरं त्यात अडकून येतं, दुसऱ्याबरोबर तिसरं. आमच्या कामाचे किस्से अगदी तसेच आहेत. मैत्रिणी म्हणतात, "एकच सांग आणि लवकर सांग." आणि मग चहा पुन्हा गरम करावा लागतो!

आधी ओळखी करून देते. मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं आणि मासेमारी खात्यात लागले. नदीत चोरून मासे मारणाऱ्यांना पकडायचं, ते विकणाऱ्यांना पकडायचं, हे आमचं काम. माझे वरिष्ठ जगदाळे साहेब, गाव रहिमतपूर. निवृत्तीला आलेत आणि त्यांचं प्रत्येक वाक्य 'आमच्या वेळी'नं सुरू होतं. खूश असले की मला 'बाळ' म्हणतात, चिडले की 'मॅडम'. मला दोन्ही आवडत नाही, पण विचारतो कोण! ड्रायव्हर शिवाप्पा जतकडचा, घरची मेंढरं, बोलण्यात थोडी कानडी. तो बोलतोच कमी. पण बोलला की पुढचा आठवडाभर आम्ही तेच बोलत असतो.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो मासा म्हणजे महाशीर. नदीकाठची माणसं त्याला खडशी म्हणतात. सोनेरी अंग, मोठमोठे खवले, आणि ताकद अशी की गळाला लागली तर गळवाल्यालाच पाण्यात खेचेल. म्हणून शहरातल्या हौशी लोकांना ती गळाला हवी असते, आणि हॉटेलवाल्यांना ताटात. वाढायला मात्र वर्षानुवर्षं घेते, म्हणून तिला मारायला आणि विकायला बंदी. आमच्या टप्प्यात मोठ्या खडशी आता एकाच डोहात, देवडोहात उरल्यात. त्या डोहाशी आपण येणारच आहोत.

*

सुरुवात हद्दीपासून करू.

आमची नदी साताऱ्यातून सांगलीत जाते. कुठून जाते, तर एका वाकड्या बाभळीपाशी. बाभळीच्या अलीकडं सातारा, पलीकडं सांगली. नदीला याची काही कल्पना नाही!

भर उन्हाळ्यातली दुपार. पाणी थबकलेलं. पिंट्या बारीक नायलॉनचं जाळं टाकून बसलेला. हा पिंट्या म्हणजे आमच्या किश्श्यांमधला कायमचा पाहुणा. इस्त्रीचा शर्ट, कानात इयरफोन, आणि बसलाय कशात, तर काहिलीत. गुऱ्हाळात गूळ करायची ती भलीमोठी लोखंडी कढई. आमच्याकडं ती होडीसारखी वापरतात.

मी काठावरून ओरडले, "पिंट्या, जाळं सोड आणि बाहेर ये!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, बाभळीकडं पाहिलं, हातानं पाणी मारत काहील जराशी पुढं नेली आणि आरामात म्हणाला, "म्याडम, आता मी सांगलीत हाय."

साहेब शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. आपली हद्द संपली."

"साहेब, त्याच्या काहिलीतले मासे साताऱ्याचे आहेत!"

"मग माशांना इचारा की म्याडम, कुठलं हायत ते!" पिंट्या तिकडून.

साहेबांनी सांगलीच्या ऑफिसला फोन लावला. तिकडं कुणी उचलेना. मी चप्पल काढून पाण्यात शिरणार, तेवढ्यात वारं सुटलं. काहिलीला ना टोक ना सुकाणू. ती जागेवर फिरायला लागली. पिंट्या दोन्ही हातांनी पाणी मारतोय आणि काहील गरगर, गरगर करत उलटी सरकतेय. बघता बघता बाभळीच्या अलीकडं!

शिवाप्पानं दोन्ही हात जोडले.

"ये पावण्या, साताऱ्यात तुझं स्वागत हाय!"

*

त्या प्रकारानंतर वरून आदेश निघाला, दोन्ही जिल्ह्यांत मिळून गस्त घालायची. तो आदेश घेऊन आम्ही पहिल्यांदा गेलो आष्ट्याच्या बाजाराला.

एका पाटीत मोठ्या माशाचे तुकडे होते. डोकं गायब, खवले गायब, शेपूट गायब. विकणारी बाई माझ्याच वयाची. मी विचारलं, "कुठला मासा?"

"कटला हाय ताई. तळ्यातला."

मला तो कटला वाटेना. पण नुसत्या तुकड्यांवरून शपथेवर सांगणार कसं? साहेब घड्याळ बघत म्हणाले, "बाळ, कटला असेल तर कटला. चल, ऊन वाढतंय."

"साहेब, एक मिनिट."

"आमच्या वेळी आम्ही वास घेऊन मासा ओळखायचो."

"मग घ्या ना वास!"

साहेब वाकले, वास घेतला आणि म्हणाले, "मासा आहे."

आम्ही वळणार, इतक्यात पाटीमागं बसलेली म्हातारी उसळली. त्या बाईची सासू. इतका वेळ तंबाखू मळत बसली होती. सुनेकडं बघून कडाडली, "कटला? अगं, कटला कुणाला म्हंतीस? आमच्या घरात कवा कटला आलाय व्हय? आवं साहेब, खडशी हाय ही, देवडोहाच्या खालची! पिंट्यानं सकाळी आणून दिली!"

सून डोक्याला हात लावून बसली. साहेबांनी पंचनाम्याचे कागद काढले. म्हातारी मात्र गिऱ्हाइकांना सांगतच होती, "कटला म्हंती! लाज न्हाई!"

*

सगळे चोर पिंट्यासारखे नसतात. काही जण फार सभ्य असतात.

एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले होते. डोक्यावर मोठी टोपी, अंगभर खिशांचं जाकीट, आणि गळाची काठी माझ्या स्कूटीपेक्षा महाग. बंदी असलेल्या पट्ट्यात उभे राहून गळ टाकत होते.

मी नियम सांगितला. ते गोड हसले. "मॅडम, आम्ही मासा मारत नाही. पकडतो, फोटो काढतो, सोडून देतो. आम्ही निसर्गप्रेमी आहोत."

साहेब लगेच विरघळले. "सुशिक्षित माणसं आहेत, बाळ."

नेमकी तेव्हाच त्यांच्या गळाला खडशी लागली. फार मोठी नव्हती, पण झुंजली जिवाच्या आकांतानं. दमली तेव्हा त्यांनी ती वर काढली. मग सुरू झालं फोटोसेशन! टोपीसह, टोपीशिवाय, गॉगल लावून, मासा छातीशी धरून. बरोबर आलेला मित्र सांगतोय, "जरा उजेडाकडं वळ." माशाचे कल्ले उघडतायत, मिटतायत. मी ओरडतेय, "सोडा तिला!" आणि ते म्हणतायत, "एकच, लास्ट!"

शिवाप्पा पुढं गेला. एका हातानं मासा काढून घेतला, पाण्यात धरला, ती सावरून निघून जाईपर्यंत धरूनच ठेवला. मग ओले हात पुसत त्या गृहस्थांच्या समोर उभा राहिला.

"साहेब, तुमचा फोटू झाला. आता तुमी पाण्यात डोकं घाला. मी फोटू काढतो. एकच, लास्ट!"

*

आता देवडोह.

बाभळीच्या बरंच वर नदीला वळण आहे. तिथं महादेवाचं देऊळ, देवळाला घाट, आणि घाटाखाली खोल डोह. त्यात मासे मारायचे नाहीत, ही खात्याची बंदी नंतरची. गावाची बंदी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. देवाचे मासे आहेत ते.

देवळाचे गुरव गणूआबा. रोज सकाळी पूजा आटोपली की आबा घाटाच्या शेवटच्या, पाण्यात बुडालेल्या पायरीवर उभे राहतात. त्यांच्या काठीला खाली लोखंडी शेंबी आहे. ती पायरीवर तीनदा आपटतात. ठक, ठक, ठक. दगडातून तो आवाज पाण्यात जातो, आणि डोहाच्या तळातून सोनेरी पाठी वर येऊ लागतात. आबा फुटाण्याच्या पिठाच्या आणि गुळाच्या गोळ्या करून आणतात आणि एकेक गोळी हातानं भरवतात. त्यांचे वडील तसंच करायचे, वडलांचे वडीलही.

सगळ्यांत शेवटी यायची ती थोरली. तिचा वरचा ओठ फाटलेला. कधीतरी कुणाचातरी गळ तोडून गेलेली. आबा तिच्यासाठी एक गोळी बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "या थोरल्या बाई. उशीर केला आज."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आनंदानं. दुसऱ्यांदा आला तो भीतीनं.

झालं असं की विट्याकडचं एक कुटुंब दर्शनाला आलं. सोनं गाळायच्या धंद्यात, दुकान कुठंतरी दूर बंगालात. त्यांच्या मुलीनं मासे बोलावण्याची रील काढली. काठी, पायरी, आबांचा हात, थोरलीचा फाटका ओठ, सगळं स्पष्ट. खाली गावाचं नाव! आठवड्याच्या आत ती रील सगळ्यांच्या फोनवर. मला कुणी पाठवली असेल? जगदाळे साहेबांनी! सोबत हात जोडलेली पाच चित्रं.

मी तडक देवळात गेले. "आबा, आता हे बंद करा काही दिवस. चोरांना आयतं शिकवलंय आपण."

आबा हसले. "पोरी, देवाचा मासा कोण मारंल? हात झडंल त्याचा."

"हात झडल्याचं एक तरी उदाहरण दाखवा मला!"

साहेबांनी माझा दंड धरून बाहेर आणलं. "मॅडम, म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का?"

"मग कसं बोलू, साहेब? रील फॉरवर्ड करून?"

*

स्फोट झाला त्या सकाळी आबा डोळे दाखवायला कराडला गेले होते.

घाटाच्या वरच्या अंगाला बायका धुणं धूत होत्या. त्यांना काठीचा आवाज आला. ठक, ठक, ठक. कुणी मान वर करून पाहिलं नाही. एक बाई मला नंतर रडत म्हणाली, "आबाच आलं आसतील, असं वाटलं गं. रोजचाच आवाज. आमी कशाला बघतोय?"

मग पाण्यातून दबका धमाका. विहिरीच्या सुरुंगाचं जिलेटिन.

आम्ही पोचलो तेव्हा डोहाचा रंग बदलला होता. पांढरी पोटं तरंगत होती. लहान, मध्यम, बोटभर पिलंसुद्धा. शेवटच्या पायरीवर लोखंडी पहारीचे ताजे ओरखडे. मोठे मासे उचलून नेलेले.

शिवाप्पानं मला गाडीत बसायला सांगितलं नाही, गाडी माझ्यासमोर आणून उभी केली. आम्ही निघालो. कालव्याच्या पुलापाशी पिंट्या मोटरसायकलसह सापडला. मागं थर्माकोलची पेटी, गळ्यात पिशवी, तोंडात पेटलेली विडी.

"तिथंच थांबा!" तो ओरडला. विडी तोंडातून काढून त्यानं पिशवीजवळ धरली. "पिशवीत सामान शिल्लक हाय. सुरुंगाची कॅप लावल्याली हाय. एक पाऊल पुढं आलासा तर समदेच जाऊ!"

विडीची राख पिशवीवर पडत होती. ते सगळ्यांत वाईट होतं. जीपमधून साहेबांचा आवाज आला, "मॅडम, मागं या. मागं या, बाळ."

शिवाप्पा चालू लागला. संथ, मेंढरांमागं चालावं तसा. चालता चालता त्यानं खिशातून स्वतःची विडी काढली, ओठात धरली आणि पिंट्यासमोर जाऊन हात पुढं केला.

"इस्तू दे रं जरा."

आमच्याकडं विडीला विस्तव मागितला की कुणी नाही म्हणत नाही. वैऱ्यालासुद्धा देतात. पिंट्याचा हात आपोआप पुढं आला, विडी शिवाप्पाच्या हातात गेली! शिवाप्पानं आपली विडी पेटवली, एक झुरका मारला आणि पिंट्याची विडी पायाखाली चिरडली.

भानावर येऊन पिंट्यानं पिशवी गळ्यातून ओढली आणि कालव्यात भिरकावली. कालव्याला पाणी जोरात होतं. पिशवी गेली. पेटी मात्र राहिली, आणि पेटीत एक खडशी; बाकीचे मासे त्यानं आधीच कुठंतरी पोचवले होते.

जीपमध्ये बसल्यावर शिवाप्पाला इतका खोकला लागला की पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत म्हणाला, "यप्पा! म्याडम, मी ईडी वडतच न्हाई. घरी आल्याल्या पावण्यानं दिली हुती, खिशात तशीच पडली हुती!"

*

हा पुढचा किस्सा मी हसत सांगू शकत नाही, पण ऐकणारे हसतात.

सुरुंगानं मेलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटलेली असते. बाहेरून काही दिसत नाही. जिलेटिन कालव्यात गेलेलं, त्यामुळं स्फोटाचा गुन्हा पिंट्यावर शाबीत करायला उरला तो त्याच्या पेटीतला एवढा एकच मासा. दुसऱ्या दिवशी तो तपासणीला पाठवायचा होता. मी म्हटलं, "साहेब, इथंच बर्फात ठेवू, मी थांबते."

"आमच्या वेळी आम्ही पुरावा घरी न्यायचो, बाळ. माझ्याकडं फ्रीज आहे. तू दमलीस."

आणि साहेब सीलबंद पिशवी घेऊन रहिमतपूरला गेले.

सकाळी मी आणि शिवाप्पा गाडी घेऊन त्यांच्या दारात. आतून मसाल्याचा सुंदर वास येत होता. साहेब अंघोळीला गेलेले. जावई पाटावर बसलेले, रात्री उशिरा आलेले. मला पाहून उत्साहानं म्हणाले, "या, या! मासा लय भारी झालाय! सासरेबुवा दरवेळी शेवग्याच्या शेंगांवर भागवतात, यंदा पहिल्यांदाच मनावर घेतलंय!"

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. ओट्यावर खात्याचं सील लावलेली पिशवी. रिकामी.

वहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. "मला काय ठावं गं बाई? ह्यांनी कवा न्हाई ती मासळी आणली, मला वाटलं जावयासाठीच आणली!"

साहेब टॉवेलावर बाहेर आले, त्यांनी पातेल्याकडं पाहिलं आणि भिंतीला टेकले.

मी कसंबसं विचारलं, "वहिनी, साफ करताना काही दिसलं का? आत?"

"व्हय की! आतनं समदा फुटला हुता. पिशवीच्या पार चिंध्या. मला वाटलं शिळा हाय, म्हणून मसाला जरा जास्त घातला!"

*

पिंट्यावर मग राहिला तो बंदी मोडून मासे मारल्याचा साधा दंड. त्यानं तो भरला आणि सुटला.

गावात बैठक बसली. देवळाच्या ओट्यावर सगळी ज्येष्ठ मंडळी, मध्ये साहेब, खाली मी. एकानं सुचवलं, शांती करू. दुसऱ्यानं सुचवलं, कमान उभारू. तिसऱ्यानं सुचवलं, 'हे देवाचे मासे आहेत' असा मोठा फलक लावू. म्हणजे चोर वाचेल आणि परत जाईल!

आबा उठून पायरीवर गेले. काठी आपटली. सगळे बघू लागले. बराच वेळ पाणी हललं नाही. मग खोलातून एक पाठ वर आली, तिच्यामागं आणखी काही. शेवटी थोरली. फाटक्या ओठांनी तिनं आबांच्या हातून गोळी घेतली.

"देवाची किरपा!" ओट्यावरून आवाज उठला. हात जोडले गेले. साहेबांचे डोळे भरून आले.

मला मात्र संताप आवरेना. "कसली कृपा? स्फोटात जे जवळ होते ते मेले. हे लांब होते, म्हणून वाचले. त्यांना काही कळलेलंच नाही! मेलेला मासा काही शिकत नाही, आबा. उद्या कुणीही येईल, पहार आपटेल, आणि हे असेच वर येतील."

"बरं, मग उद्यापासनं मी काठी वाजवत न्हाई," आबा म्हणाले.

"त्यानं काय होणार? तुम्ही नाही वाजवलीत तर तो वाजवील. पिढ्यान् पिढ्या तुम्ही यांना शिकवलंत की माणूस म्हणजे गोळी. आता शिकवा, माणूस म्हणजे दगड!"

सगळे एकदम उठले. "आगं पोरी, जीभ आवर!" "देवाच्या माशाला दगड?" साहेब म्हणाले, "मॅडम, गाडीत बसा." आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. थोरली गेलेल्या पाण्याकडं बघत राहिले.

त्याच आठवड्यात आष्ट्याच्या चहाच्या टपरीवर पिंट्या भेटला. स्वतःहून पुढं आला. नवा शर्ट.

"म्याडम, रागावू नका. तुमी तुमचं काम करा. रोज डोहावर बसा, पहारा द्या. पर तुमची बदली हुईल, साहेब घरी बसतील, आबा काय जन्माला पुरत्यात? मी हाय की हितंच." चहाचा कप खाली ठेवून त्यानं बोटानं टेबलावर तीनदा टकटक केली. "आणि आता मला बोलवाय बी येतंय."

*

खात्यानं शेवटी फलकच मंजूर केला. तो लावायची जागा बघायला, त्याचा खांब घेऊन मी एकटीच देवडोहावर गेले. दुपार होती. घाटावर चिटपाखरू नव्हतं.

आणि खालून आवाज आला. ठक, ठक, ठक.

मी पायऱ्या उड्या मारत उतरले. पिंट्या असेल या तयारीनं हातात फलकाचा लोखंडी खांब उगारलेला!

शेवटच्या पायरीवर आबा होते. पाठमोरे. काठी आपटून उभे. पाण्यात सोनेरी पाठी जमू लागल्या होत्या. मी ओरडणार होते, "आबा, तुम्हाला सांगून काही उपयोग आहे का!"

आबांनी धोतराच्या ओच्यात हात घातला. रोज तिथं गोळ्या असतात. त्यांनी दगड काढला आणि जमलेल्या माशांच्या मधोमध भिरकावला. पाणी फुटलं. पाठी फाकल्या आणि खोलात गेल्या.

आबांनी पुन्हा काठी आपटली. पुन्हा मासे आले, थोडे कमी. पुन्हा दगड. त्या वेळी एकाला लागला असावा, कारण आबांच्या तोंडून "आई गं" निघालं. जणू त्यांनाच लागला.

किती वेळ ते चाललं, मला माहीत नाही. मी वरच्या पायरीवर खांब धरून उभी होते. ओच्यातले दगड कमी होत गेले, वर येणाऱ्या पाठी कमी होत गेल्या. मग एकदा काठी वाजली आणि फक्त थोरली आली. उशिरा, नेहमीसारखी. पायरीला येऊन थांबली. फाटका ओठ पाण्याबाहेर.

आबांनी दगड उचलला. हात वर गेला आणि वरच राहिला.

मागं न बघताच ते म्हणाले, "पोरी, आलीस न्हवं? खाली ये."

मी शेजारी जाऊन उभी राहिले. पायाला पाणी लागलं. आबांनी दगड माझ्या हातात दिला.

"हिला माझ्यानं हुईना. तू मार."

थोरली तिथंच होती. तोंड उघडत होती, मिटत होती.

मी मारला.

पाणी पुन्हा शांत झालं तेव्हा आबांनी काठी उचलली आणि पायरीवर तीनदा आपटली. आम्ही दोघं बघत राहिलो. ऊन थेट पाण्यात पडलं होतं. खालच्या पायऱ्या दिसत होत्या, त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं. काही आलं नाही.

"न्हाई आली," आबा म्हणाले.

ते पायरीवर बसले. कंबरेला खोचलेली एक पुडी काढून उलगडली. आत एकच गोळी होती, बाजूला ठेवलेली. आबांनी ती मोडली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली आणि अर्धी माझ्यासमोर धरली.